चार-सहा सामन्यांवरून नवा क्वार्टरबॅक जोखायचा कसा

१ जानेवारी २०१२. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधल्या ग्रीन बे पॅकर्सचा राखीव क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून संघाची चाल चालवणारा खेळाडू, मॅट फ्लिन डेट्रॉइट लायन्सविरुद्ध मैदानात उतरला आणि ४८० यार्ड व ६ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं) करून बाहेर आला. मार्चमध्ये सिएटल सीहॉक्सने त्याला तीन वर्षांच्या करारावर घेतलं. सप्टेंबर उजाडेपर्यंत मात्र त्याची जागा ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, तिसऱ्या फेरीत ७५ व्या क्रमांकावर निवडलेल्या रसेल विल्सन नावाच्या नवख्या पोराने पटकावली होती आणि फ्लिन बाकावर बसला होता. आता दुसरं टोक बघा. १९८९ मध्ये डॅलस काउबॉइजचा ट्रॉय एकमन ११ सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि अकराही हरला. टचडाउन ९, इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास, १८. त्याच एकमनने पुढे तीन सुपर बोल, म्हणजे लीगच्या अंतिम लढती, जिंकल्या.

मोजक्या सामन्यांचे आकडे दोन्ही बाजूंनी फसवतात, ते असे. पण त्याच सामन्यांच्या फिल्ममध्ये काही गोष्टी पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच स्वच्छ दिसतात, आणि काही गोष्टी सतरा सामन्यांनंतरही धूसर राहतात. कुठल्या गोष्टी पहिल्या प्रकारातल्या आणि कुठल्या दुसऱ्या, हे वेगळं करता आलं की निम्मं काम झालं. पुढची पद्धत त्यासाठीच आहे. त्यासाठी एक वही किंवा स्प्रेडशीट, एक स्टॉपवॉच आणि दर सामन्यामागे अडीच-तीन तास हाताशी असू द्या.

सामना लावण्याआधीचं पान

पहिलं पान खेळ न बघताच भरायचं. खेळाडूचं वय, ड्राफ्टमधला क्रमांक, कॉलेजमध्ये किती सामने सुरुवातीपासून खेळला, मोठी दुखापत झाली होती का, आणि त्याच्याबद्दल आपला आजचा अंदाज काय, एवढं तारखेसकट लिहून ठेवा. हे आधी लिहिलं नाही, तर पहिल्या सामन्यातला एखादा देखणा पास बघून ‘मला आधीपासून माहीत होतं’ असं वाटायला लागतं.

कॉलेजच्या सामन्यांची संख्या इथे फार बोलते. २०२४ मध्ये डेन्व्हरने घेतलेला बो निक्स कॉलेजमध्ये ६१ सामने सुरुवातीपासून खेळून आला होता. २०२३ मध्ये इंडियानापोलिसने चौथ्या क्रमांकावर घेतलेला अँथनी रिचर्डसन फक्त १३. या दोघांचे पहिले चार सामने एकाच तराजूत घालता येत नाहीत. निक्सचे चार सामने म्हणजे लांबलचक पुस्तकाचं पुढचं प्रकरण. रिचर्डसनचे चार म्हणजे पुस्तकाचा जवळपास चौथा हिस्सा. ट्रे लान्सची गोष्ट तर पाठच करून ठेवावी अशी आहे. नॉर्थ डकोटा स्टेटसाठी २०१९ च्या हंगामात त्याने २८ टचडाउन केले आणि एकही इंटरसेप्शन दिलं नाही. पण अख्ख्या कॉलेज कारकिर्दीत त्याने फेकले जेमतेम ३१८ पास, तेही खालच्या श्रेणीतल्या बचावफळ्यांसमोर. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचलताना पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीवर तो डॅलसला गेला, आणि सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक होता २०२२ च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात शेवटी, २६२ व्या क्रमांकावर घेतलेला ब्रॉक पर्डी.

ड्राफ्ट क्रमांकाचा आणखी एक परिणाम लक्षात ठेवायचा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात असतो, आणि तो वापरायचा की नाही हे तिसऱ्या हंगामानंतर मे महिन्याच्या सुरुवातीला ठरवावं लागतं. म्हणजे वर निवडलेला पोरगा वाईट खेळला तरी त्याला पुन्हा पुन्हा संधी मिळते. सहाव्या-सातव्या फेरीतल्या पोराला एक वाईट सामना पुरतो. त्यामुळे तळातून आलेल्याचे जे सहा सलग सामने आपल्याला दिसतात, ते मुळातच तो चांगला खेळत राहिला म्हणून दिसतात. हा गाळणीचा परिणाम वजा करूनच त्याच्याकडे बघा.

आकड्यांत किती दम आहे

आधी एक छोटा हिशेब. एनएफएलमध्ये अलीकडे शंभर पासमागे साधारण २.३ इंटरसेप्शन होतात. म्हणजे अगदी सरासरी क्वार्टरबॅकनेही सलग १०० पास एकही इंटरसेप्शन न देता फेकण्याची शक्यता दहात एक. १०० पास म्हणजे तीन सामने. संघ ३२. तेव्हा कुठल्याही तीन आठवड्यांत निव्वळ योगायोगाने तीनेक सरासरी क्वार्टरबॅक ‘चूकच करत नाही हो’ अशा कौतुकाचे धनी होणार. म्हणून पहिल्या महिन्यातल्या शून्य इंटरसेप्शनवरून कुणाच्या निर्णयक्षमतेबद्दल काहीही लिहू नका.

पूर्ण पासची टक्केवारी थोडी बरी, पण थोडीच. १५० पासमध्ये ६५ टक्के असेल तर नुसत्या नशिबाने ती जवळजवळ ८ टक्के वर किंवा खाली सरकू शकते. ५७ टक्के म्हणजे संघाबाहेर, ७३ टक्के म्हणजे लीगमधला अव्वल. दोघेही त्याच ६५ च्या पोटात बसतात.

पासर रेटिंग हा टीव्हीवर सगळ्यात जास्त दिसणारा आकडा. कमाल १५८.३. त्यात चार घटक असतात: पूर्ण पासचं प्रमाण, पासमागे यार्ड, टचडाउनचं प्रमाण आणि इंटरसेप्शनचं प्रमाण. सॅक (चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅकला पाडणं) त्यात नाहीत, चेंडू घेऊन धावून काढलेले यार्ड नाहीत, फंबल (हातातून निसटलेला चेंडू) नाहीत. नव्या क्वार्टरबॅकचं सगळ्यात मोठं दुखणं सॅक हेच असतं, तेव्हा हे माप त्याच्यासाठी अपुरं आहे. त्यापेक्षा दर पासमागचे समायोजित निव्वळ यार्ड काढा. एकूण यार्डमध्ये प्रत्येक टचडाउनचे २० मिळवायचे, प्रत्येक इंटरसेप्शनचे ४५ वजा करायचे, सॅकमध्ये गमावलेले यार्ड वजा करायचे, आणि आलेल्या संख्येला पास अधिक सॅक यांच्या बेरजेने भागायचं.

उदाहरण घेऊ. चार सामने, १३० पास, ९६० यार्ड, ६ टचडाउन, ४ इंटरसेप्शन, १२ सॅक आणि त्यांत गेलेले ८२ यार्ड. ९६० अधिक १२०, वजा १८०, वजा ८२, म्हणजे ८१८. भागिले १४२. उत्तर ५.७६. लीगची सरासरी सहाच्या आसपास असते, म्हणजे हा पोरगा किंचित खाली. आता त्या चारपैकी एक इंटरसेप्शन रिसीव्हरच्या, म्हणजे पास पकडणाऱ्या खेळाडूच्या, हातातून उसळून गेलेलं असेल, तर ते काढून टाका: ६.०८, सरासरीच्या वर. उलट, सहापैकी एक टचडाउन म्हणजे रेषेमागे दिलेला स्क्रीन पास आणि पुढचे ७५ यार्ड रिसीव्हर एकटाच धावला असेल, तर तो पास वगळा: ५.१३, म्हणजे काळजीचं कारण. १४२ पैकी एका चेंडूने निकाल उलटा होतो. हा हिशेब स्वतः एकदा करून बघितल्याशिवाय लहान नमुन्याची खरी भीती वाटत नाही.

यावर उपाय म्हणजे आकडा सरासरीकडे ओढून घेणं. खेळाडूच्या खऱ्या पासमध्ये सरासरी दर्जाचे काल्पनिक पास मिसळायचे. पूर्ण पासच्या टक्केवारीसाठी ३०० मिसळा. १५० पैकी १०८ पूर्ण असतील, म्हणजे ७२ टक्के, तर त्यात ३०० पैकी १९५ मिळवले की ४५० पैकी ३०३ होतात: ६७.३ टक्के. हा झाला वापरण्याजोगा अंदाज. इंटरसेप्शन त्याहून चंचल, म्हणून तिथे १,००० मिसळायचे. १५० पासमध्ये शून्य इंटरसेप्शन दिलेल्याचा अंदाज मग २ टक्के निघतो, सरासरीच्या अगदी लगत. ३०० आणि १,००० हे काही दैवी आकडे नाहीत, कामचलाऊ आहेत. पण काहीच न मिसळण्यापेक्षा ते कितीतरी बरे. सामन्यागणिक आकडे प्रो फुटबॉल रेफरन्स या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

फिल्म बघायची ती अशी

टीव्हीवरच्या प्रक्षेपणात चेंडू सुटायच्या आत दूरचे रिसीव्हर आणि सेफ्टी (सगळ्यात मागे उभे राहणारे बचावपटू) चौकटीबाहेर जातात. तेव्हा नुसत्या प्रक्षेपणावरून क्वार्टरबॅकचा निर्णय जोखता येत नाही. बावीसच्या बावीस खेळाडू दिसणारी प्रशिक्षकांची फिल्म घ्या, जिला ऑल-ट्वेंटीटू म्हणतात. अमेरिकेत ती एनएफएल प्लसच्या प्रीमियम वर्गणीत मिळते, बाहेरच्या देशांत डॅझोन (DAZN) या स्ट्रीमिंग सेवेवरच्या गेम पासमध्ये. प्रत्येक डावपेच दोन कोनांतून दिसतो: एक उंचावरून बाजूने, दुसरा गोलखांबामागून. पहिल्यात कव्हरेज, म्हणजे बचावपटू कुणाला कसे झाकतात ते, वाचायचं, दुसऱ्यात क्वार्टरबॅकचे पाय आणि हेल्मेट.

सगळ्यात महत्त्वाचा नियम आता. चेंडू हातातून सुटला त्या क्षणी फिल्म थांबवा. पास पूर्ण झाला की पडला, हे बघण्याआधी दोन गोष्टी लिहा: निर्णय कसा होता आणि चेंडू वेळेवर सुटला का. निर्णयाला अधिक एक, शून्य किंवा उणे एक. मग फिल्म पुढे न्या, चेंडू कुठे पडला ते बघा आणि अचूकतेचा वेगळा गुण द्या. निकाल सगळ्यात शेवटच्या रकान्यात. हा क्रम मोडला की डोळा फितूर होतो. टचडाउन झालेला मूर्ख पासही धाडसी वाटायला लागतो. क्रिकेटमध्ये दोन धावांवर झेल सुटलेल्याने शतक ठोकलं की धावफलकात सुटलेला झेल कुठेच दिसत नाही. बचावपटूच्या हातातून निसटलेल्या इंटरसेप्शनचंही तसंच, आणि म्हणून आपल्या वहीत त्यासाठी स्वतंत्र खूण हवी.

प्रत्येक ड्रॉपबॅकसमोर, म्हणजे क्वार्टरबॅक पास फेकायला मागे सरकतो त्या प्रत्येक डावासमोर, इतकं लिहा: डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी कितवा) आणि अंतर, गुणफरक, बचावाकडून किती जण धावून आले, स्नॅपपासून (चेंडू मागे देऊन डाव सुरू होतो त्या क्षणापासून) सुटकेपर्यंतची वेळ, दबाव होता की नाही, पहिलीच नजर की दुसरी-तिसरी, निर्णय, अचूकता, निकाल. पहिल्या सामन्याला चार तास लागतील. तिसऱ्यापर्यंत हात बसतो.

मग गाळणी लावा. चार सामन्यांत १४० ड्रॉपबॅक असले, तर त्यातले स्क्रीन, आखून दिलेले झटपट पास आणि ज्यांत एकाच बचावपटूकडे बघून धाव की पास ठरतं असे आरपीओ मिळून चाळीसेक निघतात. घड्याळ थांबवायला जमिनीवर आपटलेले, मुद्दाम बाहेर फेकलेले, सामन्याचा अर्धा भाग संपताना आशेवर भिरकावलेले वेगळे काढा. शेवटच्या क्वार्टरमध्ये १७ हून अधिक गुणांनी मागे असतानाचे पासही बाजूला ठेवा, कारण तिथे बचावफळी मधला भाग स्वतःहून मोकळा सोडते. क्वार्टरबॅकने खरोखर मैदान वाचून निर्णय घेतलाय असे ८५-९० ड्रॉपबॅक उरतात. वीस यार्डांपलीकडचे पास त्यात पंधरा-वीसच्या वर सहसा नसतात. त्यामुळे लांब पासची अचूकता चार सामन्यांत मोजायचा प्रयत्नही करू नका. ताकद आहे की नाही एवढंच लिहा.

पाय आणि चेंडू यांचं घड्याळ

या भागावर जास्त वेळ घालवा, कारण टिकाऊ गुण इथेच दिसतात.

शॉटगनमधून, म्हणजे स्नॅपसाठी आधीच काही यार्ड मागे उभं राहून, घेतलेला तीन पावलांचा ड्रॉप घ्या. तिसऱ्या पावलावर मागचा पाय रुततो. पहिल्या नजरेचा रिसीव्हर मोकळा असेल तर त्याच क्षणी चेंडू निघायला हवा. तो झाकलेला असेल तर एक छोटी उडी पुढे, म्हणजे हिच, आणि दुसऱ्या नजरेला चेंडू. नवखा क्वार्टरबॅक पाय रुतवतो, बघतो, रिसीव्हर वळलेला दिसतो, खात्री करायला आणखी एक हिच घेतो आणि मग फेकतो. तेवढ्या अर्ध्या पावलात बाहेरच्या बाजूला वळलेल्या आउट रूटवर कॉर्नरबॅक (कडेच्या रिसीव्हरला झाकणारा बचावपटू) झडप घालतो. धावफलकावर याची नोंद ‘चुकीचा पास’ अशी होते. प्रत्यक्षात पास अचूक होता, उशिरा होता. या दोन दोषांची औषधं वेगळी, आणि भवितव्यही वेगळं. उशीर हा बहुतेकदा डोळ्यांचा, अनुभवाचा दोष. सामने वाढतात तसा तो कमी होऊ शकतो. वेळेवर सुटूनही दहा यार्डांवरचा चेंडू वारंवार रिसीव्हरच्या मागे पडत असेल, तर ते दुखणं जुनाट असण्याची शक्यता जास्त.

अचूकता म्हणजे नुसतं हातात पडणं नव्हे. आडव्या धावणाऱ्या रिसीव्हरला चेंडू छातीच्या हातभर पुढे मिळाला तर तो वेग न मोडता आणखी आठ-दहा यार्ड काढतो. पाठीमागे मिळाला तर वळून पकडतो आणि तिथेच पाडला जातो. दोन्ही पास ‘पूर्ण’. कडेच्या लांब पासमध्ये चेंडू बाहेरच्या खांद्यावर, रिसीव्हर आणि सीमारेषा यांच्यामध्ये उतरायला हवा. म्हणून अचूकतेसाठी तीन गुण ठेवा: पुढे धावू देणारा, नुसता पकडता येणारा, पकडण्यासाठी कसरत करायला लावणारा.

डोळ्यांसाठी गोलखांबामागचा कोन. हेल्मेट कुठे वळतंय ते बघा. स्नॅपनंतर पहिल्या सेकंदात ते मधल्या सेफ्टीवर रोखलेलं असेल आणि मग बाजूला वळत असेल, तर पोरगा सेफ्टीला धरून ठेवतोय. हे कॉलेजातून येतानाच फार थोड्यांना जमतं आणि दोन सामन्यांतही ओळखता येतं. हेल्मेट स्नॅपपासूनच एका रिसीव्हरला चिकटलेलं असेल, तर मधल्या पट्ट्यात दबा धरून बसलेला लाइनबॅकर आज ना उद्या चेंडू उचलणार. नवख्यांचं हे अगदी ठरलेलं इंटरसेप्शन आहे. स्लँटवरचा, म्हणजे तिरका आत धावणारा, रिसीव्हर दिसतो, त्याच्यामागचा कॉर्नर दिसतो, मधल्या वाटेतला लाइनबॅकर दिसत नाही.

कॉलेजची फिल्म जोडीला बघत असाल तर एक फरक ध्यानात ठेवा. एनएफएलमध्ये दोन हॅश खुणांमध्ये (मैदानावरच्या छोट्या रेघांच्या दोन ओळी; डाव त्यांवरून किंवा त्यांच्यामधून सुरू होतो) १८ फूट ६ इंच अंतर असतं, कॉलेजमध्ये ४० फूट. त्यामुळे कॉलेजमध्ये डाव्या हॅशवरून उजव्या कडेला फेकलेला पंधरा यार्डांचा आउट हा हाताच्या ताकदीचा खरा पुरावा असतो. असे पाच-सहा पास सापडले तरी ताकदीचा रकाना निश्चिंतपणे भरा. ताकद, सुटकेचा वेग, धावण्याचा वेग यांना मोठा नमुना लागत नाही; एकदा दिसलं ते दिसलं.

दबाव आणि सॅक

दबावाची व्याख्या आधीच ठरवा: धावून आलेला बचावपटू हातभर अंतरावर पोचला किंवा क्वार्टरबॅकला जागा सोडावी लागली. मग ड्रॉपबॅकचे दोन ढीग करा, मोकळ्या पॉकेटमधले (अडवणाऱ्यांनी क्वार्टरबॅकभोवती राखलेली जागा) आणि दबावाखालचे. दबावाखाली रचलेले पराक्रम टीव्हीवर दिवसभर फिरतात, पण पुढच्या वर्षाचा अंदाज बांधायला मोकळ्या पॉकेटमधली कामगिरी जास्त कामाची. दबावाखालचे आकडे वर्षागणिक फार हेलकावे खातात.

सॅक मात्र क्वार्टरबॅकच्या मागोमाग येतात, हे सांगूनही लोकांना पटत नाही. लाइनला, म्हणजे त्याच्यासमोरच्या अडवणाऱ्यांना, दोष देणं सोपं असतं. प्रत्येक सॅकवर स्टॉपवॉच लावा. २.२ सेकंदांच्या आत पडला तर बहुधा लाइन चुकली. तीन सेकंदांनंतर पडला तर बहुधा त्यानेच चेंडू धरून ठेवला. मधल्या सॅकसाठी माणसं मोजा: अडवणारे पाच आणि येणारे सहा असतील, तर सहावा माणूस क्वार्टरबॅकच्या वाट्याचा. त्याने जिथून ब्लिट्झ (जास्तीच्या बचावपटूंची धाड) आला ती रिकामी जागा बघून झटपट चेंडू सोडायचा असतो. लीगमध्ये दबावाच्या साधारण पाच प्रसंगांमागे एक सॅक होतो. चार सामन्यांत हे प्रमाण तीनात एक निघालं, तर ती खरी घंटा आहे.

फंबलही मोजा, आणि चेंडू कुणी उचलला याकडे दुर्लक्ष करा. उचलणं हा नशिबाचा भाग, सोडणं हा सवयीचा. न्यूयॉर्क जायंट्सच्या डॅनियल जोन्सने २०१९ मध्ये पहिल्याच सुरुवातीच्या सामन्यात टँपा बेविरुद्ध ३३६ यार्ड फेकले, दोन टचडाउन हाताने आणि दोन पायाने केले. शहर वेडं झालं. त्या हंगामाअखेर त्याच्या नावावर १८ फंबल होते. पॉकेटमध्ये एका हाताने धरलेला चेंडू गोलखांबामागच्या कोनातून पहिल्या सामन्यातही दिसतो.

सोबत कोण आहे

जॅरेड गॉफने २०१६ मध्ये सात सामने सुरुवातीपासून खेळून सातही हरले. टचडाउन ५, इंटरसेप्शन ७. त्या डिसेंबरमध्ये प्रशिक्षक जेफ फिशर गेले, पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे आले, आणि त्याच गॉफने २८ टचडाउन व ७ इंटरसेप्शन केले. याचा अर्थ प्रत्येक अपयशी नवख्याला प्रशिक्षकानेच बुडवलं असा होत नाही. पण वहीत वेगळा रकाना हवा: रिसीव्हर मोकळा होत होता का, आणि आखणीत सोपे पास होते का. पास सुटताना रिसीव्हर आणि बचावपटू यांच्यात दोन यार्डांहून कमी अंतर असलेले पास मोजा. निम्म्याहून जास्त तसे असतील, तर टक्केवारी वाचण्यात अर्थ नाही.

त्याच संघातला दुसरा क्वार्टरबॅक हा उत्तम मोजदंड. २०२३ मध्ये कॅरोलायनाच्या ब्राइस यंगला ६२ सॅक बसले, संघ त्याच्यासोबत १६ पैकी २ सामने जिंकला. त्याच लाइनमागे, त्याच रिसीव्हरांसोबत अँडी डाल्टनने सिएटलमध्ये एका सामन्यात ३६१ यार्ड फेकले. २०२४ मध्ये दोन सामन्यांनंतर यंगला बसवलं, डाल्टनने लगेच रेडर्सविरुद्ध ३ टचडाउन केले, आणि यंगचा निकाल लागला असं सगळ्यांनी धरलं. पण काही आठवड्यांनी परतलेला यंग वेगळाच दिसला. चेंडू वेळेवर सुटत होता. तुलना करताना दुसऱ्याचाही नमुना लहानच असतो, हे विसरू नका.

दुसरी गाठ

बचाव प्रशिक्षकांना तीन-चार सामन्यांची फिल्म पुरते. २०२१ मध्ये न्यूयॉर्क जेट्सच्या माइक व्हाइटने पहिल्याच सुरुवातीच्या सामन्यात सिनसिनाटीविरुद्ध ४५ पैकी ३७ पास पूर्ण करून ४०५ यार्ड काढले. दोनच आठवड्यांनी बफेलोने त्याच्याकडून चार इंटरसेप्शन घेतली. सिनसिनाटीविरुद्धचे बहुतेक पास आखूड होते. ते मागे जाऊन बघितले तर काय पुढे येणार याचा अंदाज येतो.

म्हणून पाचव्या-सहाव्या सामन्यापासून वेगळी नोंद ठेवा. आधी चाललेला कुठला पास आता मिळेनासा झालाय, आणि त्याऐवजी तो काय शोधतोय? आपल्या डिव्हिजनमधल्या, म्हणजे लीगमधल्या आपल्या छोट्या गटातल्या, प्रत्येक संघाशी दोनदा गाठ पडते, ही तर आयती चाचणीच. पहिल्या आणि दुसऱ्या सामन्याची पानं शेजारी ठेवा. तीच चूक तशीच्या तशी दिसली तर लाल खूण. नवी चूक दिसली तर ती बऱ्यापैकी चांगली बातमी. जुनी दुरुस्त झाली म्हणून बचावाला नवा सापळा लावावा लागला. जॉर्डन लव्हने २०२३ च्या शेवटच्या आठ सामन्यांत १८ टचडाउन आणि एकच इंटरसेप्शन दिलं, आधीचे सामने डळमळीत असूनही. उलट ह्यूस्टनचा सी. जे. स्ट्राउड. पहिल्या हंगामात २३ टचडाउन आणि ५ इंटरसेप्शन, दुसऱ्यात २० आणि १२, आणि सॅक ३८ वरून ५२ वर. पंधरा सामन्यांचा नमुनाही किती कच्चा असतो, ते इथे दिसतं.

पूर्ण पासचं प्रमाण वाईट पण हात आणि पाय असामान्य, अशा खेळाडूंबद्दल एक इशारा. बफेलोचा जॉश अॅलन २०१८ मध्ये ५२.८ टक्क्यांवर होता, २०२० मध्ये ६९.२ वर गेला. त्याचं नाव घेऊन प्रत्येक चुकार हाताच्या पोराची वकिली होते. अॅलनची सुधारणा दोन हंगाम टप्प्याटप्प्याने झाली, मध्ये ५८.८ होतं, आणि २०२० मध्ये रिसीव्हर स्टेफन डिग्ज आला. असं क्वचितच घडतं. अंदाज बांधताना अॅलन ही वरची सीमा धरा, मधली नव्हे.

शेवटचं पान

चौथ्या, आठव्या आणि सतराव्या सामन्यानंतर, असं तीनदा अंदाज लिहा. एका शब्दात ‘चांगला’ किंवा ‘फुकट’ लिहायचं नाही. चार खाने करा: लीगमधल्या पहिल्या आठांत येईल, कायमचा सुरुवातीचा क्वार्टरबॅक होईल, चांगला राखीव ठरेल, टिकणार नाही. प्रत्येकासमोर टक्के, बेरीज शंभर. चौथ्या सामन्यानंतर पहिल्या पानावरच्या अंदाजापासून कुठलाही खाना दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त हलला असेल, तर तो कुठल्या नोंदीमुळे हलला ते शेजारी लिहा. ती नोंद यार्ड किंवा विजय असेल तर आकडा परत मागे न्या. पाय, डोळे, सॅकची वेळ यांपैकी असेल तर राहू द्या.

सराव म्हणून ३१ डिसेंबर २०१७ चा डेन्व्हरमधला सामना घ्या. कॅन्सस सिटीचा पॅट्रिक महोम्स अख्खा हंगाम अॅलेक्स स्मिथच्या मागे बसून त्या दिवशी पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला: ३५ पैकी २२, २८४ यार्ड, टचडाउन शून्य, इंटरसेप्शन एक, रेटिंग ७६.४. आकड्यांत काहीच नाही. आघाडी असताना त्याला बाहेर काढलं, बदली खेळाडूच्या फंबलनंतर डेन्व्हरने बरोबरी साधली, त्याला परत बोलावलं आणि त्याने शेवटची चाल रचून २७-२४ असा विजय मिळवून दिला. ही फिल्म निकाल झाकून, चेंडू सुटताना थांबवत बघा. ताकदीचा आणि तोल गेलेला असताना फेकण्याचा रकाना निर्धास्त भरा. इंटरसेप्शनचा रकाना कोरा सोडा, लांब अचूकतेचाही, आणि दुसऱ्या गाठीचाही. मग २०१८ चा पहिला महिना लावा आणि कोरे रकाने कुठल्या सामन्यात, कुठल्या चेंडूवर भरता येतात ते तारखेसकट नोंदवा.